हिल्काची डावखुरी रायफल

हिल्काच्या खांद्यावर बंदूक डावीकडे बसते, एवढाच मामला होता. पण आमच्या हौकिवारा गावात साध्या मामल्याचं मातेरं करायला अकरा माणसं, एक केटली कॉफी आणि एक मीटिंग पुरते. त्या अकरा माणसांत मीही होतो, हे आधीच सांगून टाकतो. पुढे मी आमच्या शिकार मंडळाच्या म्होरक्यावर, उर्पोवर, तोंडसुख घेणार आहे, तेव्हा कुणी म्हणायला नको की हा आर्वो स्वतःला मोठा सोवळा समजतो.

हिल्का अठ्ठावन्न वर्षांची. तीस हिवाळे झाले, आमच्या रस्त्यांवरचा बर्फ तीच काढते. ट्रकच्या पुढे लोखंडी पातं लावून ती निघते आणि लोक कामाला बाहेर पडेपर्यंत चाळीस किलोमीटर रस्ता मोकळा झालेला असतो. लोकांना वाटतं, तो आपोआप मोकळा होतो. मात्र एखाद्याच्या फाटकासमोर बर्फाचा ढीग राहिला, की लगेच तिला फोन. ती सगळं ऐकून घेते आणि विचारते, "घरात फावडं आहे ना?" फोन बंद.

लहानपणापासून डावखुरी. बापाच्या शेतावर गवत कापायला सगळे एका ओळीत उभे राहायचे, एकामागे एक, लांब दांड्याच्या विळ्याने. विळे सगळे उजव्या हाताचे. हिल्का विळा उलटा फिरवायची, म्हणून तिला ओळीच्या अगदी शेवटी उभं करायचे, कुणाच्या पायाला लागू नये म्हणून. "मी गवत कापलं, पण आयुष्यभर दुसऱ्यांच्या पाठी बघत कापलं," असं ती एकदा मला म्हणाली होती. हसत म्हणाली होती, पण मला ते हसणं आवडलं नव्हतं.

तिचा नवरा ताइस्तो, म्हणजे उर्पोचा धाकटा भाऊ. या दोघा भावांच्या बापाची एक जुनी रायफल ताइस्तोकडे आली होती. त्या एका बंदुकीवर नवराबायको दोघांचे परवाने. शनिवारी तो मचाणावर, रविवारी ती. ज्याचा दिवस नसेल त्याने घरी सूप करायचं. सहा वर्षांपूर्वी ताइस्तो गेला आणि शनिवारही हिल्काचे झाले.

आता ही रायफल उजव्या माणसासाठी बनवलेली. प्रत्येक गोळीनंतर बोल्टची मूठ वर उचलायची, मागे ओढायची, पुढे ढकलायची, खाली दाबायची. मूठ उजव्या अंगाला. उजवा माणूस चापावरचा हात तेवढा हलवतो आणि पुन्हा तयार. हिल्काला डावा हात चापावरून काढून बंदुकीच्या पाठीवरून पलीकडे न्यावा लागतो. गाल सुटतो, नेम सुटतो, रिकामं काडतूस नाकासमोरून उडतं. तरी ती पस्तीस वर्षं अशीच शिकार करत आली. पहिल्याच गोळीत जनावर पाडायचं, म्हणजे दुसरीची वेळच येत नाही, हा तिचा हिशेब. आणि तो बहुतेक वेळा जमायचा. आमच्या मंडळातल्या किती उजव्यांना जमतो, ते मी सोलायच्या शेडमध्ये रोज बघतो.

माझं काम तेच. खुब्याचा सांधा बदलला तेव्हापासून मला जंगलातून चालवत नाही, मचाणाची शिडीही चढवत नाही. उर्पो तेव्हा मंडळाचा म्होरक्या. त्याच्या शब्दावर मला शेडमध्ये ठेवलं. मूस मारून आणला, की सोलायचा, साफ करायचा, टांगायचा. घोड्याहून उंच जनावर ते, सोपं काम नाही. पण नोव्हेंबरात गावात ज्याच्या फ्रीजरमध्ये मुसाचं मांस नाही, त्याच्याकडे लोक पाहुण्यासारखं बघतात. मला पाहुणा व्हायचं नव्हतं.

चार वर्षांपूर्वीच्या शरद ऋतूत, हंगामाच्या तिसऱ्या शनिवारी, हाकारे ओरडत उत्तरेकडून येत होते. चौथ्या मचाणावर उर्पो, पाचव्यावर हिल्का. मध्ये साडेतीनशे मीटर दलदल. मूस उर्पोच्या समोरून आला. एक बार झाला. मग मूस दलदल ओलांडून हिल्काच्या बाजूला धावला, दुसरा बार झाला. मग काहीच नाही. वायरलेसवर उर्पोचा आवाज आला, तो मी शेडमध्ये बसून स्वतःच्या कानांनी ऐकला. "माझी गोळी बर्चच्या झाडात गेली. हिल्काने मूस जखमी केलाय. दुसरी गोळी घालायला हिला वेळच मिळाला नाही, तो तसाच निघून गेला."

अंधार पडेपर्यंत शोधलं. सकाळी कुत्र्याने ते जनावर शोधून काढलं, दोन किलोमीटरवर, ओढ्यात मेलेलं. पोटात गोळी. अख्खं मांस नासलेलं. एवढ्या मोठ्या जनावरातून एका कुत्र्याचंही जेवण निघालं नाही.

कारण बघायला म्हणून मी ते उघडलं. अंगावर एकच भोक होतं. गोळी पलीकडच्या कातड्याखाली अडकलेली. चाकूच्या टोकाने काढली, धुतली, तळहातावर घेतली. गोळीचं तोंड फुलून पसरतं, पण बुडाचं माप तेच राहतं. ते जाड होतं. हिल्काची गोळी बारीक असते. एवढी जाड गोळी आमच्या मंडळात एकच माणूस वापरतो आणि कॉफी पिताना त्याची फुशारकीही तोच मारतो.

उर्पो माझ्या शेजारीच उभा होता. त्याने गोळी बघितली. मी त्याच्याकडे बघितलं.

"खिशात टाक," तो म्हणाला.

"उर्पो, ही तर तुझी."

"मला दिसतंय कुणाची ते. म्होरक्यानेच जनावर जखमी केलं म्हटल्यावर पोरं माझं ऐकतील का? हंगाम संपू दे. मग सांगू."

"आणि हिल्का?"

"हिल्काला कोण फाशी देतंय? बायकामाणूस आहे, दोन दिवस रडेल."

आणि मी, साठी ओलांडलेला घोडा, ती गोळी खिशात टाकली. हंगाम संपला. मग ख्रिसमस आला. मग बर्फ वितळला. 'मग सांगू'मधला 'मग' काही येईना आणि मी मूग गिळून बसलो. मला कुणी विचारलंच नाही, अशी स्वतःची समजूत घालत राहिलो. थू माझ्या समजुतीवर.

हिल्का दोन दिवस रडली नाही. तिने त्याहून वाईट केलं. ती एकटी त्या ओढ्यापर्यंत चालत गेली, रक्ताच्या खुणांवरून, दोन्ही किलोमीटर. परत आली आणि मला म्हणाली, "आर्वो, तो पाच वेळा खाली बसला होता. गवत दबलेलं आहे. पाच ठिकाणी." मी म्हटलं, कॉफी घेतेस का. याच्यापेक्षा नालायक उत्तर माझ्या आयुष्यात मी दिलेलं नाही.

एप्रिलमध्ये मंडळाची वार्षिक सभा. बन, कॉफी, भिंतीवर शिंगं. उर्पो उभा राहिला आणि जनावरांच्या यातनांवर बोलू लागला. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली, पण मी दुसरा बन उचलला. शेवटी ठराव झाला: हिल्काने हंगामाआधी स्वतःसाठी डाव्या हाताची रायफल घ्यावी, म्हणजे दुसरी गोळी वेळेत जाईल. नाहीतर मचाण सोडून हाकाऱ्यांच्या ओळीत जावं.

"आणि नवी घेतलीस," उर्पो पुढे गोड आवाजात म्हणाला, "की ती जुनी तुला काय कामाची? आमच्या बापाची आहे. घरात राहिली तर बरं. माझ्या जावयाला उजव्या हाताचीच लागते."

तेव्हा मला कळलं, गोळीवर पांघरूण घालण्यामागे नुसती इभ्रत नव्हती. माणूस एका दगडात दोन पक्षी मारत होता आणि दोन्ही पक्षी हिल्काच्या अंगणातले.

हिल्का उठली. "उर्पो, पस्तीस वर्षांत मी कितीदा दुसरी गोळी झाडली?"

"तोच तर प्रश्न आहे. तुला जमत नाही."

"गरज पडली नाही म्हणून झाडली नाही, गाढवा!"

सगळे हसले. मग हात वर करा म्हणाले. दहा हात वर झाले. त्यातला एक माझा.

उन्हाळ्यात तिने नव्या रायफलीचा परवाना काढून ठेवला, हातात असू दे म्हणून. पण रायफल घेईना. मी काही विचारलं की खेकसायची. तिची अडचण मला कळत होती. डाव्या हाताची रायफल तिला खरंच हवी होती. पण ती घेतली की उर्पोने म्हटलं तेच खरं ठरणार, की तिच्या हातून ते जनावर तसं मेलं. शिवाय घेतली की ताइस्तोची रायफल द्यावी लागणार, कारण सगळ्या गावाने गृहीतच धरलं होतं की देणार. आणि नाही घेतली तर हाकारा. पुन्हा ओळीत. पुन्हा दुसऱ्यांच्या पाठी.

सप्टेंबरात तिने मला गाडीत घातलं आणि कायानी शहरात नेलं, बंदुकीच्या दुकानात. दुकानदाराने कपाटाच्या अगदी कोपऱ्यातून एक डावी रायफल काढली. "एकच आहे. ही मागवणारा दुसऱ्या गावी राहायला गेला, घ्यायला आलाच नाही. डाव्या माणसाखेरीज हिला कोण विचारणार?"

हिल्काने ती खांद्याला लावली. भिंतीवरच्या कॅलेंडरवर नेम धरला. मग बोल्ट फिरवला. एकदा. पुन्हा. मग भराभर चार वेळा. गाल जागचा हलला नाही. तिने बंदूक काउंटरवर ठेवली. मला वाटलं, आता खूश होईल. ती भडकली होती.

"इतकं सोपं असतं?" ती म्हणाली. "तुम्हा लोकांना इतकं सोपं असतं? आणि वर मला सांगता, हिल्का, तू हळू आहेस?"

दुकानदार उगाच काच पुसू लागला.

"घेतेस का?" मी विचारलं.

"माहीत नाही." मग दुकानदाराला म्हणाली, "किती दिवस ठेवशील?"

"हंगाम सुरू झाल्यावर दुसऱ्या सोमवारपर्यंत. त्यानंतर परत पाठवतो."

येताना गाडी ती चालवत होती. वीस किलोमीटर झाले. मग एकदम म्हणाली, "मला ही बंदूक हवीच आहे, आर्वो. वयाच्या विसाव्या वर्षापासून हवी होती. पण शिक्षा म्हणून नको. आणि मग वाटतं, त्या जनावराने रात्रभर जे भोगलं त्याची शिक्षा मला नको तर कुणाला? ताइस्तोची रायफल देऊन टाकावी. काहीतरी द्यायलाच हवं."

गोळी माझ्या खिशात होती. त्याच कोटाच्या. बोटांना लागत होती. आणि मी म्हणालो, "पुढे रेनडिअर आहेत, सांभाळ."

ऑक्टोबरात हंगाम उघडला. ठरावाप्रमाणे हिल्का हाकाऱ्यांत. नारिंगी जाकीट घालून, काठीने झाडं बडवत, ओरडत पाच किलोमीटर. पाचव्या मचाणावर उर्पोचा जावई, सासऱ्याकडून उसनी घेतलेली बंदूक घेऊन. त्याने त्या दिवशी दोन गोळ्या झाडल्या, दोन्ही वाया गेल्या. त्यावर ठराव वगैरे काही झाला नाही. मूस दुसऱ्या मचाणासमोर पडला.

सहा दिवस टांगून ठेवल्यावर शुक्रवारी दुपारी शेडमध्ये वाटणी. आमच्याकडे वाटणी कशी होते, त्याचा आम्हाला भारी अभिमान. मांसाचे जितकी माणसं तितके ढीग टेबलावर मांडतात. एक जण भिंतीकडे तोंड करून उभा राहतो. म्होरक्या एकेका ढिगावर हात ठेवून विचारतो, "हा कुणाचा?" आणि भिंतीकडे बघणारा न बघता एकेकाचं नाव घेतो. म्हणजे कुणी म्हणायला नको की अमक्याला चांगलं मांस मिळालं. आमची प्रामाणिकपणाची पद्धत. भिंतीकडे बघून नावं घ्यायचं काम तोवर सात वर्षं माझ्याकडे होतं. कारण आर्वो सरळ माणूस आहे, असं उर्पो म्हणायचा.

हिल्का आली तेव्हा तिच्या हातात लांब कापडी खोळ होती. तिने ती बाकावर ठेवली. ताइस्तोची रायफल.

"आणलीस?" उर्पो म्हणाला. "शहाणी. जावयाचा परवाना तयार आहे, कागदावर सही केलीस की झालं." मग सगळ्यांना ऐकू जाईल असं, "मित्रांनो, झालं गेलं विसरायचं. हिल्काने चुकीची भरपाई केली, हे तिच्या मोठेपणाला शोभतं."

 हिल्काचा डावा हात खोळीवर होता. नुसता ठेवलेला. बंदूक देणारा हात असा नसतो.

"चला, वाटून घेऊ," उर्पो म्हणाला. "आर्वो, भिंतीकडे."

मी भिंतीकडे तोंड केलं. समोर पांढरा चुना, एक खिळा, खिळ्याला टांगलेली माझी सुरी. मागे टेबलावर ओल्या मांसावर हात पडल्याचा आवाज झाला.

"हा कुणाचा?"

मी नाव घेतलं नाही.

"आर्वो. हा कुणाचा?"

खिशात हात घातला. गोळी काढली आणि तोंड भिंतीकडेच ठेवून खांद्यावरून मागे धरली. "आधी ही कुणाची ते सांग," मी म्हणालो.

 मग उर्पो म्हणाला, "काय नाटक आहे?"

"मागच्या वर्षीच्या मुसाच्या पोटातून काढलेली आहे. तुझ्यासमोर. बुडाला माप लाव. अंगावर एकच भोक होतं, उर्पो. एकच. हिल्काची गोळी त्याला लागलीच नाही. तू म्हणालास खिशात टाक, मी टाकली. हा कुणाचा, विचारतोस ना? आधी हिचं नाव घे, मग मी ढिगांची नावं घेतो."

पायांचा आवाज आला. कुणीतरी माझ्या बोटांतून गोळी घेतली. मला वळून बघायचा धीर नव्हता, पण ती बोटं ओळखू आली. पात्याची साखळी ओढून राठ झालेला डावा हात.

"जाड आहे," हिल्का म्हणाली.

"अगं, त्या गडबडीत कुणाची कुठे लागली, कोण सांगणार..." उर्पो बोलू लागला.

"गप्प बस." आवाज चढला नव्हता. "पाच ठिकाणी बसला होता तो. मी त्या पाचही ठिकाणी गुडघे टेकले. वर्षभर. स्वप्नात सुद्धा. आणि तुझ्या बापाची रायफल मी आज तुला आणून दिली, माफी म्हणून! तुला!"

बाकावरून खोळ उचलल्याचं ऐकू आलं. मग तिचे बूट दाराकडे गेले. तिथे थांबले.

"आर्वो."

मी वळलो. ती माझ्याकडे बघत होती. उर्पोकडे नव्हे. उर्पोसाठी तिच्याकडे राग होता, तो भरपूर होता, आणि तो त्याला आयुष्यभर पुरला असता. माझ्यासाठी होतं ते निराळं होतं.

"गाडीत," ती म्हणाली. "कायानीहून येताना. होती तुझ्या खिशात?"

"होती."

तिने मान हलवली आणि निघून गेली. तिचा ढीग टेबलावर राहिला. तो कुणीच उचलला नाही. संध्याकाळी मी तो तिच्या फाटकाला टांगून आलो, तर सकाळी माझ्या फाटकाला परत टांगलेला होता.

सोमवारी ती एकटी कायानीला गेली आणि डावी रायफल घेऊन आली. कुणी सांगितलं म्हणून नव्हे, कसल्या भरपाईत नव्हे. ताइस्तोची भिंतीवरच्या लोखंडी कपाटात राहिली, ती तिथेच आहे. उर्पोच्या जावयाने स्वतःसाठी दुसरी घेतली. एप्रिलच्या सभेत उर्पो म्होरक्या राहिला नाही. ठराव मागे घ्या म्हणून हात वर केले तेव्हा दहा वर झाले. उर्पोचा धरून. असे आम्ही, वारा येईल तिकडे हात वर करणारे.

पण त्याआधीच, हंगामाच्या चौथ्या शनिवारी, हिल्का कुणालाही न विचारता पाचव्या मचाणावर जाऊन बसली. कुणी तिला उतर म्हणालं नाही. दुपारी शेडमध्ये मी दोन बार ऐकले, इतके लागोपाठ की मला वाटलं दोन माणसं झाडतायत. वायरलेसवर ती म्हणाली, "पडला. जागच्या जागी."

तासाभराने ट्रॅक्टरने मूस आला. ती मागून चालत आली, डाव्या खांद्यावर नवी रायफल. मी सोलायला सुरुवात केली. ती गेली नाही. दारात उभी राहिली. मी पुढे केलेली कॉफी तिने घेतली नाही. मला वाटलं होतं, काहीतरी बोलेल. शिव्या तरी देईल. मला त्या चालल्या असत्या.

पहिली गोळी फुप्फुसापाशी सापडली, दुसरी पलीकडच्या खांद्याच्या फऱ्यात. मी दोन्ही धुतल्या. हिल्का पुढे आली आणि डावा हात पसरला.

"दोन," ती म्हणाली. "दोन्ही माझ्या. इथे दे."

मी दिल्या. तिने बुडं बघितली, दोन्हींची, आणि मूठ मिटून निघून गेली. या गोष्टीला तीन हंगाम झाले. हौकिवारात आता कुणाचाही मूस पडला, तरी सोलताना ती शेडच्या दारात येऊन उभी राहते आणि गोळी निघाली की माझ्यापुढे हात करते. मी निमूटपणे गोळी तिच्या हातावर ठेवतो, आणि ती माझ्याशी एक शब्दही बोलत नाही.